सांगलीची गच्ची आणि आईची वही

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे अशी एकेक स्थानके मागे टाकू लागली, की माझे वय आपोआप कमी होऊ लागते. खिडकीबाहेर उसाचे फड, मधूनच द्राक्षांचे मांडव आणि दूरवर बेदाणा वाळविण्याच्या जाळीदार शेडची रांग दिसते. माधवनगर गेले की सामान सावरायचे आणि दाराशी उभे राहायचे, ही लहानपणीची सवय सदुसष्टाव्या वर्षीही सुटलेली नाही. गेल्या वर्षी महावीर जयंतीच्या आठवड्यात मी असाच सांगलीस उतरलो. थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या अक्काकडे, चार दिवस राहावे एवढाच हेतू होता. परत येताना मात्र एक जुने ओझे हलके करून आणि एक नवे काम अंगावर घेऊन आलो. वाचकांपुढे ते मांडावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

चैत्रातली सांगली प्रथम नाकाला भेटते. माघापासून बाजारात येऊ लागलेली हळद या दिवसांत ऐन भरात असते. मार्केट यार्डाच्या बाजूने रिक्षा गेली, की त्या मातकट, उबदार वासाने अंगावरचे कपडेसुद्धा भारल्यासारखे होतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अक्का फोनवर म्हणाली होती, "अरे, आपल्याला ठाऊक होतंच, आता सरकारलाही कळलं." आपल्याकडे ओली हळद वर्ज्य, पण वाळलेल्या हळकुंडाशिवाय एक दिवस भागत नाही. वाळल्यावर जिन्नसाचा गुण बदलतो आणि आयुष्यही वाढते. पुढे जे सांगणार आहे त्याचा निम्मा भाग या वाळविण्याविषयीच आहे.

अक्काचे घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. घर जुने, दुमजली. खाली स्वयंपाकघर आणि माजघर, वर दोन खोल्या आणि त्यावर प्रशस्त गच्ची. मी पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. दार उघडेच होते, पण घरात कोणी नव्हते. भाचेसुनेचा आवाज वरून आला, "मामा, वरच या, हात भरलेत सगळ्यांचे!"

गच्चीवर सात-आठ बायका बसल्या होत्या. जुन्या धुवट पातळांवर डाळीचे सांडगे घालण्याचे काम चालले होते. अक्काने पीठ भरलेल्या हातानेच जयजिनेंद्र केला आणि म्हणाली, "काय रे, गाडी वेळेवर आली म्हणायची. चहा घे खाली जाऊन, आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला इथंच बस." पंचाहत्तरी उलटली आहे, गुडघे दुखतात, पण वाळवणाच्या दिवसांत ती जिना चढायची थांबत नाही.

सांडग्यांचे काम सोपे वाटते, पण त्याला घड्याळ लागते. मूग, मटकी आणि हरभरा यांच्या डाळी निवडून, गाळलेल्या पाण्यात पहाटे भिजत घालायच्या. तीन-एक तासांनी उपसून जाडसर वाटायच्या. पाणी शक्यतो घालायचे नाही. त्यात मीठ, तिखट, जिरे, हिंग आणि हळद मिसळून ऊन तापायच्या आत बोटांनी छोटे छोटे तुकडे तोडायचे. पीठ फार वेळ राहिले तर आंबते, म्हणून हात जितके जास्त तितके चांगले. दोन कडक उन्हांत सांडगा खडखडीत होतो. चौथ्या दिवशी डब्यात भरला, की अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चालत नाही तेव्हा तेलावर परतून त्याची रस्सेदार भाजी होते.

पलीकडच्या कोपऱ्यात शेजारच्या काकू कुरडयांचा चीक घोटत होत्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, असा त्यांचा प्रकार. तो आमच्या घरच्या नेमात बसत नाही, पण अक्का त्यांच्या सोऱ्याला बळ द्यायला गेलीच. आणि काकू सकाळभर आमचे सांडगे तोडून मगच आपल्या पातेल्याकडे वळल्या होत्या. कोण काय खाते यापेक्षा कोणाचे काम अडले आहे, हा त्या गच्चीवरचा पहिला प्रश्न होता.

या बायकांच्या मेळ्याला नाव नाही. नोंदणी नाही, अध्यक्षा नाही, म्हणून वादही नाहीत. सुमारे तीस वर्षांपूर्वी चार मैत्रिणींनी सुरू केलेला हा प्रकार आहे. आपसांत त्या त्याला 'भिशी' म्हणतात, पण त्यात पैशाचा व्यवहार नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकीच्या घरी जमायचे. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू आणायची. खाण्याची किंवा कलाकुसरीची. सोबत तिची कृती मापासह कागदावर लिहून आणायची. जी मागेल तिला ती उतरवून द्यायची आणि जमत नसेल तर शेजारी बसून शिकवायचे. आणखी एक नियम मला फार आवडला. जी कृती घेईल तिने ती महिन्याभरात घरी एकदा करून पाहायची आणि पुढच्या शनिवारी काय झाले ते खरे खरे सांगायचे. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे ताबडतोब उमगले. नुसते वाटप नव्हे, वसुलीचीही सोय आहे!

या भिशीचे वर्ष ऋतूंनी ठरते. चैत्र-वैशाखात वाळवण. दुपारी वाळवणाची राखण करीत बसले की हाताला काम हवे, म्हणून त्याच दुपारी वाकळा शिवतात. जुनी सुती पातळे एकावर एक अंथरून कडेने धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या की वाकळ लवकर पुरी होते, आणि बोलणेही. पावसाळ्यात उन्हाची कामे बंद. तेव्हा क्रोशाची तोरणे, मण्यांचे रुमाल, लोकरीच्या टोप्या. दिवाळीपूर्वी बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि पिठाची खळ घेऊन आकाशकंदील. त्यात मुलांनाही बसवतात.

पौषात तिळाचा हलवा आणि त्याचे दागिने. हलव्याला थंडीच का लागते, हे मला या बायकांनीच समजावले. मंद शेगडीवर परात ठेवायची, त्यात तीळ पसरायचे आणि एकतारी पाक चमच्या-चमच्याने सोडीत बोटांनी हलवीत राहायचे. पाकाचा एक थर पुरता सुकल्यावरच दुसरा द्यायचा. हवा कोरडी आणि गार असली तर थर पटकन सुकतो आणि त्यावर बारीक काटा उभा राहतो. दमट हवेत तो चिकटून गोळा होतो. दोन-तीन दिवस रोज थोडा थोडा वेळ दिला की तिळाभोवती शुभ्र काटेरी दाणा तयार होतो. मग नव्या सुनेसाठी, पहिल्या संक्रांतीच्या बाळासाठी हार, बाजूबंद, मुकुट गुंफायचे. बाळाच्या गळ्यात तासभर मिरवणारा तो हार करायला आठवडा जातो. "एवढ्या कष्टाची वस्तू बाजारात आयती मिळते की," असे मी एकदा म्हणालो होतो. अक्का म्हणाली, "मिळते. पण बाजारवाला मला शेजारी बसवून शिकवत नाही."

आता या सगळ्यात आईची वही कुठे येते ते सांगतो.

आमचे मूळ गाव शिरोळ तालुक्यातले. आईचे शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखे. लग्नानंतर तिने एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत शाईच्या लेखणीने पाककृती लिहायला आरंभ केला. पहिल्या पानावर कृती नव्हती, नेम होता: पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस, पावसाळ्यात तीन दिवस. पुढे आमट्या, लाडू, शेवया, सांडगे, लोणची. मापे शेर, मापटे, चिपटे अशी. १९९८ साली आई गेली आणि वही अक्काकडे आली. अक्काने ती भिशीत नेली आणि महिन्यागणिक एकेक पान मैत्रिणींना उतरवून दिले.

त्या वहीतले एक पान विशेष होते, चटणीचे. आमच्या भागात वर्षाच्या लाल मसाल्याला चटणी म्हणतात. एरवी सांगली-कोल्हापूरची चटणी कांदा-लसणाशिवाय होत नाही. आईची चटणी कांदा-लसणाची नव्हती आणि तरीही तिचा घमघमाट समोरच्या घरापर्यंत जाई. अठरा-वीस जिन्नस, प्रत्येकाचे माप वेगळे, भाजण्याचा क्रम वेगळा. अक्का दर चैत्रात वही समोर ठेवून मापे काढी, भाजी आणि डंकावर कुटून आणी. तिच्या घरच्या भडंगाला जी चव असे ती या चटणीची. चिरमुरे, शेंगदाणे, कढीपत्ता, हिंगाची फोडणी आणि वरून ती चटणी. भिशीतल्या बायका मागून मागून नेत.

२०१४ साली मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. भाचेसुनेने घरगुती मसाल्याचा उद्योग करावा असे घरात घाटत होते आणि कर्जाची माहिती विचारायला मला बोलावले होते. अक्काने सहज सांगितले, "भिशीत आईची जवळजवळ सगळी वही देऊन झाली, आता पुढच्या शनिवारी चटणीचं पान देणार आहे." मी ताठ बसलो. बँकेतल्या खुर्चीवरून बोलल्यासारखा बोललो, "अक्का, हे तुझं भांडवल आहे. उद्या सुनेनं चटणी विकायला काढली, तर प्रत्येकीच्या घरी तीच चटणी असेल. वही दिलीस ते झालं, पण हे पान कुणाला देऊ नकोस."

अक्का काही बोलली नाही. धाकटा भाऊ शिकलेला, साहेब झालेला. त्याचे ऐकावे असे तिला वाटले असेल. त्या शनिवारी तिने चटणीच्या ऐवजी दुसरेच काही दिले. मैत्रिणींनी पुन्हा विचारले तेव्हा ती हसून विषय बदलीत राहिली. तिला हे जड गेले, असे भाचेसुनेने मला पुष्कळ पुढे सांगितले. भिशीचा नियम मोडणारी ती पहिली ठरली होती आणि मोडायला लावणारा मी. मसाल्याचा उद्योग तर सुरूच झाला नाही. भाचेसुनेला मुलगी झाली, घरचे व्याप वाढले आणि ते मागे पडले.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकर विसरणार नाहीत. १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल ही सांगलीची नदी मोजण्याची पट्टीच आहे. पाणी पुलापाशी किती फूट, यावर गावभागातली माणसे घर सोडायचे की नाही ते ठरवतात. पंचेचाळीस फुटांवर धोका मानतात. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. २००५ च्या महापुराचा अनुभव असल्यामुळे अक्काच्या घरी तयारी होती. त्या वेळी पाणी जिथवर चढले होते त्याच्या वरच्या फळीवर कागदपत्रे आणि आईची वही ठेवली होती. माणसे विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेली. पाणी मात्र जुन्या खुणेपाशी थांबले नाही.

पूर ओसरल्यावर मी पोहोचलो. घरात घोटाभर गाळ होता. कपाट फुगून दार उघडेना. ते तोडले तेव्हा वही हाताला लागली, ओल्या विटेसारखी जड. पाने एकमेकांना चिकटली होती. अक्काने ती कापडात गुंडाळून सावलीत सुकवली, आणि आठवड्याने हलक्या हाताने एकेक पान सोडवले. शाईची अक्षरे धुऊन गेली होती. कागदावर फिकट निळे ढग उरले होते, एखाद्या पानावर 'चिपटे' किंवा 'मंद' असा शब्द वाचता येत होता, बस्स. अक्का रडली नाही. वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसली.

मला त्या वेळी एकच गोष्ट सतावीत होती. आयुष्यभर मी खातेदारांना सांगत आलो की वारसनोंद करा, एकाच जागी सगळे ठेवू नका, प्रती काढा. आणि आमच्या घरच्या वहीची साधी छायाप्रत काढावी असे मला कधी सुचले नव्हते.

पुढे जे घडले ते भिशीने केले. प्रथम त्या सगळ्या झाडू, फावडी आणि बादल्या घेऊन आल्या. त्यांतल्या निम्म्यांची स्वतःची घरे नुकतीच धुऊन निघाली होती. गाळात सापडलेली पातळे त्यांनी धुतली. डाग न गेलेली फेकून न देता बाजूला ठेवली आणि त्यांच्या वाकळा शिवल्या. मला अक्काकडे अंगावर घ्यायला जी वाकळ मिळते, तिच्या एका कोपऱ्यावर तो मातकट डाग अजून आहे.

दिवाळीनंतरच्या शनिवारी भिशी अक्काच्या घरी ठेवली गेली. त्या दिवशी कोणी खाऊ आणला नव्हता, प्रत्येकीने आपल्या घरची वही आणली होती. काहींच्या वह्याही पुरात गेल्या होत्या, पण त्यांनी त्या कृती पुढे लेकींना, जावांना दिल्या होत्या; त्या कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे अशा गावांहून परत मागवल्या होत्या. एकेक बाई आपल्या पानावरून वाचू लागली आणि भाचेसून नव्या वहीत उतरवून घेऊ लागली. शेजारच्या काकूंच्या वहीत आईच्या कट्टाच्या आमटीत लसणाच्या आठ पाकळ्या होत्या. पण खाली त्यांनी लिहून ठेवले होते, 'मूळ कृतीत हिंग, लसूण माझा.' दुसरीने लाडवाचा गूळ निम्मा केला होता, कारण घरात मधुमेह. तिनेही मूळ माप कंसात ठेवले होते. एकीकडे शेवयांची कृती दोनदा निघाली आणि दोन्हींत फरक होता. कुठली आईची, यावर थोडा वाद झाला. अक्का म्हणाली, "दोन्ही लिही. आईनंही कधी असं केलं असेल, कधी तसं."

संध्याकाळ व्हायच्या आत त्रेसष्ट कृती जमल्या. पहिल्या पानावरची पिठाची मर्यादासुद्धा एकीने तशीच उतरवून ठेवली होती. ती परत पहिल्या पानावर गेली. मग भाचेसुनेने विचारले, "चटणी कुणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हती. एक वयस्क बाई सहज म्हणाल्या, "ती तर आम्हांला मिळालीच नाही कधी." त्यात राग नव्हता. अक्का माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ते पान मी कुणाला दिलंच नव्हतं." मी त्या दिवशी तिथेच कोपऱ्यात बसलो होतो. तिने माझे नाव घेतले नाही. आजवर घेतलेले नाही.

त्यानंतर अक्काने दर चैत्रात आठवणीवर चटणी केली. पण इतकी वर्षे मापे वहीतून काढण्याची सवय, वय झालेले, मधे २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. चटणी होई, पण दर वर्षी निराळी. जेवताना ती एक घास घेई आणि म्हणे, "बरी आहे." त्या 'बरी'चा अर्थ मला कळे.

या खेपेला सांडगे घालून झाल्यावर दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "चल, हरिपूरला जाऊन येऊ." हरिपूर म्हणजे सांगलीला लागून असलेले, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे गाव; नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे. आम्ही लहानपणी तिथे हळदीची पेवे पाहायला जात असू. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत घागरीसारखे पसरत गेलेले कोठार. आतून पाल्याचे अस्तर लावून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत हवा नाही म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षे हळद जशीच्या तशी. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो, हे आम्हांला तेव्हा बजावून सांगत. इथल्या मातीसारखी राखण करणारी तिजोरी नाही, अशी त्या पेवांची ख्याती. हळद पेवात आणि पावती व्यापाऱ्याच्या हातात, असा व्यवहार चाले.

२००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि मोठी हानी झाली. त्यानंतर साठवण हळूहळू गोदामांकडे आणि शीतगृहांकडे गेली. आम्ही संगमावरच्या संगमेश्वराच्या देवळापाशी घाटावर बसलो. नदी उन्हाळ्यात शांत असते, पलीकडच्या काठावर म्हशी डुंबत होत्या. एवढेसे पाणी चार वर्षांपूर्वी, सहा वर्षांपूर्वी काय होते, हे सांगून कोणाला पटणार नाही.

मी धीर करून म्हणालो, "अक्का, चटणीचं पान माझ्यामुळं गेलं."

ती थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तू सांगितलंस, पण ठेवून मी घेतलं. मलाही वाटलंच होतं की रे, एक तरी गोष्ट आपली एकटीची असावी." थोड्या वेळाने म्हणाली, "आता त्याचं काय करायचं ते कर. तुला हिशोब येतो ना? मग हिशोब लावून दे."

तिच्या त्या एका वाक्याने माझी सुटी कामाला लागली. संध्याकाळी भिशीतल्या तिघींना बोलावले. आईच्या चटणीचे भडंग ज्यांनी वर्षानुवर्षे खाल्ले होते अशा तिघी. वहीच्या त्या धुतलेल्या पानावर उन्हात धरून चार शब्द वाचता आले: 'धणे पावशेर', 'जायपत्री' आणि सर्वांत खाली 'हिंग शेवटी'. तेवढ्या आधारावर मी कागदावर तक्ता मांडला. चार वेगवेगळी मापे, प्रत्येकी थोडी थोडी. अक्काने भाजले, भाचेसुनेने घरच्या मिक्सरवर वाटले, आणि दुसऱ्या दिवशी चार ताटल्यांत चार प्रकारचे भडंग तिघींपुढे ठेवले. पहिले कडवट, मेथी जास्त झालेली. दुसऱ्यात लवंग पुढे पुढे करीत होती. चौथे रंगाला सुंदर, चवीला पोकळ. तिसऱ्याचा घास घेतल्यावर एक काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "हे जवळ आहे." दुसरी म्हणाली, "तीळ थोडे वाढवा." तीळ वाढवले. अक्काने चाखले. यावेळी ती 'बरी' म्हणाली नाही. म्हणाली, "आईची नाही. पण आईला चालली असती."

पुढच्या दिवशी मिरच्या उन्हात घातल्या, आणि मी निघायच्या आदल्या दिवशी डंकावर एक किलो मिरचीची चटणी कुटून आणली. नव्या वहीत मथळा पडला: 'आईच्या चटणीच्या जवळची चटणी'. भाचेसुनेने तिच्या बारा प्रती काढल्या आणि दुसऱ्या शनिवारची वाट न पाहता घरोघरी पोहोचवल्या. तेरावी माझ्याकडे आली. चौदावी ही समजावी:

मिरची एक किलो. त्यांत रंगासाठी ब्याडगी सहाशे ग्रॅम आणि तिखटासाठी संकेश्वरी चारशे ग्रॅम. धणे आणि सुके खोबरे प्रत्येकी अडीचशे ग्रॅम, तीळ दीडशे, जिरे शंभर, हळकुंड पन्नास, मोहरी पंचवीस, मिरे वीस, मेथी दहा ग्रॅम. लवंग, दालचिनी, तमालपत्र आणि चक्रीफूल प्रत्येकी दहा ग्रॅम. नागकेशर आणि जायपत्री प्रत्येकी पाच. खडा हिंग वीस ग्रॅम आणि मीठ दोनशे ग्रॅम. मिरच्या देठे काढून दोन उन्हे द्याव्यात. तीळ आणि खोबरे कोरडे भाजावे; बाकीचा मसाला एकेक करून थोड्या तेलावर परतावा, एकत्र परतू नये, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. हिंग सर्वांत शेवटी तळावा. सगळे गार झाल्यावर कुटून, चाळून मीठ मिसळावे आणि कोरड्या बरणीत दाबून भरावे. ज्यांच्या घरी पिठाप्रमाणे मसाल्यालाही मर्यादेचा नेम आहे, त्यांनी लागेल तेवढीच थोडी थोडी कुटावी.

परतीच्या गाडीत डब्यात सांडगे होते, पिशवीत चटणीची बरणी आणि वर ती डागाची वाकळ. अक्काने जाताना ती बळेच दिली. नांद्रे मागे पडले तेव्हा शेजारच्या प्रवासिनीने विचारले, "कसला हो वास येतोय, छान?" मी बरणी दाखवली. त्यांनी संकोचाने विचारले, "कृती सांगाल का?" भिलवडीपासून कराडपर्यंत मी सांगत होतो आणि त्या मोबाइलमध्ये लिहून घेत होत्या. एकही जिन्नस मी वगळला नाही.

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्याही कपाटात कोणाची तरी अशी एखादी वही असेल. येत्या रविवारी ती काढावी. जे पान आपण आजवर कोणाला दिले नसेल, ते आधी उतरवून तीन घरी द्यावे. आणि आमची चटणी करून पाहिलीत, तर कशी झाली ते खरे खरे कळवावे. भिशीचा तसा नियमच आहे.